आक्काच्या फाईलवर सही नाही

माझी बायको वकील होती आणि मी जीप चालवायचो. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली. मी चौथीपर्यंत शिकलेला, तीही पुरी नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं कोर्टाचं काही चुकीचं लिहिलं गेलं तर मला हसा, तिला हसू नका. ती चुकत नव्हती. माझ्याशी लग्न केलं तेवढं सोडून, असं तिचे भाऊ म्हणायचे.

लग्न झालं तवा तिची दहावी झालेली. तिच्या बापानं एकच अट घातली, पोरीला पुढं शिकू द्या. आम्ही हो म्हणलं. लग्नाच्या बैठकीत सगळेच हो म्हणतात. पण ती खरंच शिकली. बाहेरून बी.ए. केलं, मंग परभणीला वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं. तवा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. पहाटे उठून भाकरी थापायची, एस.टी.नं जायची, अंधार पडता परत यायची. लेकरू आम्हाला झालं नाही. लोक म्हणायचे, शिकली म्हणून झालं नाही. शिकण्याचा आणि लेकराचा काय संबंध ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

सनद मिळाल्यावर ती थोडे दिवस एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली होती. मंग एकटीच बसायला लागली. कारकून नाही, जोडीला दुसरा वकील नाही. हिंगोलीत आम्ही दोन खोल्या केल्या होत्या, त्यातली पुढची खोली तिची. एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या, फायलींचं कपाट आणि भिंतीला लागून माझी बाज. बाज हलवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती तिथंच राहिली.

ती फक्त दिवाणी कामं घ्यायची. वाटणी, रानाचा बांध-धुरा, रस्ता, विहिरीची पाळी, घराची भिंत. मारामारीचं काम आलं का दुसऱ्याकडं धाडून द्यायची. मी एकदा चिडून म्हणलं, "अगं, फौजदारीत पैसा लवकर भेटतो म्हणतेत."

ती म्हणली, "फौजदारीत लोक पहिल्याच दिवशी खोटं बोलतेत. दिवाणीत वेळ लागतो. तेवढ्यात थोडं खरं बाहेर येतं."

"किती वेळ?"

"ते नका विचारू."

जीपमधले पाशिंजर माझी मजा घ्यायचे. ती पुढच्या सीटवर काळा कोट मांडीवर घडी घालून बसलेली असली तरी घ्यायचे. एक म्हातारा दर बाजाराला विचारायचा, "काय हो डायवर, घरी भांडण झाल्यावर निकाल कोण देतंय?"

मी म्हणायचो, "निकाल कुठला दादा. तारीखच पडती."

ती हसायची. खिडकीकडं तोंड करून हसायची, म्हणजे पक्षकारानं बघू नाही.

तिची काम करायची एक तऱ्हा होती आणि तिच्यात मी होतो, म्हणून हे लिहायला बसलो. नवा पक्षकार आला का ती त्याचं सगळं ऐकून घ्यायची, कागद बघायची, आणि मंग माझ्याकडं बोट करायची. मी तवा बाजेवर बसून जेवत तरी असायचो नाही तर पाय चोळत असायचो. ती म्हणायची, "आता हेच सगळं ह्यांना सांगा."

पक्षकार गोंधळायचा. "ह्यांना? हे कोण, कारकून?"

"मालक आहेत माझे. सांगा."

तो सांगायचा. मी ऐकायचो. शेवटी ती विचारायची, "कळलं का तुम्हाला?" मला कळलं तर ती फाईल बांधायची. नाही कळलं तर म्हणायची, "पुन्हा एकदा सांगा." दोन-तीनदा सांगूनही नाही कळलं तर म्हणायची, "तुमचं काम अजून पिकलं नाही. घरी जा, काय पाहिजे ते ठरवा आणि पुढच्या बाजारी या." एकदा एक मास्तर रागावला. म्हणला, "बाई, तुमच्या मालकाला नाही कळत हा माझा दोष आहे का?" ती म्हणली, "सर, ह्यांना कळलं का जज्जसाहेबाला कळतंच. उलटं कधी होत नाही."

लोकांना ते माझी थट्टा वाटायचं. मला नाही वाटलं. सगळ्या जिल्ह्यात मला नाही कळलं म्हणून कोणाचं काही अडतंय, असं तेवढंच एक ठिकाण होतं.

आक्काचं काम मात्र मला कधीच कळलं नाही. तरी तिनं ते घेतलं.

आक्का म्हणजे गोरेगावकडून येताना सेनगावच्या अलीकडं लागणाऱ्या एका खेड्यातली बाई. पन्नाशीची, नवरा वारलेला, लेक सासरी. तिचं माहेर गोरेगावच्या पलीकडं. बाप मेला, रान भावाच्या नावावर झालं. एकच भाऊ, तिच्यापेक्षा धाकटा. आक्का आली आणि म्हणली, "बापाच्या रानात माझा हिस्सा काढून द्या."

बायकोनं बोट केलं. आक्का माझ्याकडं वळली.

मी विचारलं, "भाऊ त्रास देतो का?"

"न्हाई. लई चांगला हाय. दर भाऊबीजेला न्यायला येतो. साडी घेतो. मी आजारी पडले तवा त्यानंच दवाखान्यात नेलं."

"मंग खायला कमी पडतंय का?"

"माझं रान हाय की माझ्यापुरतं."

"मंग हिस्सा काहून पाहिजे?"

आक्का पदराशी खेळत म्हणली, "सक्रांतीला माहेरी गेले होते. रानात गेले. हरभरा घाट्यावर आला होता. चार डहाळे उपटले. भावजय बांधावर होती. ती म्हणली, वन्सं, इचारून घ्यायचं असतं."

"बस?"

"बस."

मी बायकोकडं बघितलं. मला नाही कळलं. चार डहाळ्यांसाठी कोर्ट? बायकोनं पुन्हा सांगायला लावलं. आक्कानं पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. मी पुन्हा मान हलवली, नाही कळलं. मला वाटलं आता ही म्हणणार, घरी जा. पण तिनं फाईल ओढली आणि नाव लिहून घेतलं.

आक्का गेल्यावर मी म्हणलं, "मला तर कळलं न्हाई."

"मलाही नाही कळलं पुरतं," ती म्हणली. "पण चालवावं लागंल."

ते काम किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. परभणीतून हिंगोली वेगळी निघाली, जिल्हा झाली, कोर्टाच्या भिंतीला नवा रंग लागला आणि आक्काचं काम तिथंच होतं. मला आधी वाटायचं तारखेला काहीतरी घडतं. मंग कळलं, तारखेला पुढची तारीख घडते.

आणि त्याच्याहून माझं डोकं फिरवणारी गोष्ट ही का आक्का आणि तिचा भाऊ दोघं माझ्याच जीपनं कोर्टाला यायचे. भाऊ गोरेगावला चढायचा आणि पुढची खिडकीची जागा धरून ठेवायचा. तिथं कोणी बसायला लागलं तर म्हणायचा, "न्हाई हो, तिथं आमची आक्का बसती. तिला मागं मळमळतंय." आक्काचं गाव आलं का तो खाली उतरून तिला हात द्यायचा. भाड्याचे पैसे दोघांचे तोच द्यायचा. वाटेत दोघं पाहुण्यारावळ्यांचं बोलायचे, कोणाची सोयरीक जमली, कोणाची म्हैस व्याली. हिंगोलीत उतरले का आक्का माझ्या बायकोकडं आणि भाऊ त्याच्या वकिलाकडं. शिपायानं पुकारा केला का एकीकडं वादी, एकीकडं प्रतिवादी. दुपारी झाडाखाली आक्काची भाकरी दोघं खायचे. संध्याकाळी पुन्हा माझ्या जीपमध्ये.

एकदा न राहवून मी भावाला विचारलं, "तुमचं भांडण हाय का न्हाई?"

"हाय की," तो म्हणला. "कोर्टात हाय."

आक्का खिडकीतून म्हणली, "त्याला सांगा, मागच्या खेपेला साक्षीत माझं वय वाढवून सांगितलं."

"मला काय ठावं तुझं वय. तू माझ्या आधी जन्मली."

पाशिंजर हसले. आक्का नाही हसली. पण शेंगा मात्र त्याच्याच पिशवीतल्या खात होती.

भावाची उलटतपासणी झाली त्या दिवशी मी कोर्टाच्या दारात उभा होतो. माझी बायको उभी राहिली. आवाज तिचा लहान, पण ऐकू यायचा. तिनं विचारलं, "तुमच्या वडिलांना लेकरं किती?"

भाऊ म्हणला, "मी एकलाच."

"नीट आठवा."

"म्हंजी पोरगा मी एकलाच."

"मी पोरगा नाही विचारलं. लेकरं किती?"

भावाच्या वकिलानं काहीतरी म्हणलं, साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. भाऊ इकडं तिकडं बघून म्हणला, "दोन."

"दुसरं कुठं आहे?"

"ती काय, बसली की," असं म्हणून त्यानं आक्काकडं बोट केलं. कोर्टात सगळे हसले, साहेब सुद्धा. बायको खाली बसली. मला वाटलं अजून काहीतरी विचारंल. घरी येताना म्हणलं, "येवढंच?" ती म्हणली, "झालं तेवढ्यात." मला वाटलं ती हरली.

त्यानंतर काम युक्तिवादावर आलं. म्हणजे आता साक्षी संपल्या, वकिलानं उभं राहून सगळं जोडून सांगायचं आणि साहेबानं निकाल द्यायचा. आक्काला तिनं शब्द दिला होता, "युक्तिवाद मी स्वतः करीन."

मंग तिच्या पोटात दुखायला लागलं.

नांदेडला नेलं. डॉक्टर काय म्हणले ते मी लिहीत नाही. मला तेही धड कळलं नव्हतं. तो बोलला ते मी तिला येऊन सांगितलं आणि ती म्हणली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणली, "म्हणजे कळलं." मला वाटलं तिला काही वेगळं कळलं असंल, बरी होण्याचं. मी हिंगोलीला येऊन कोटाला इस्त्री करून ठेवली.

दवाखान्यात तिनं सगळ्या फायली मागवून घेतल्या. मी पोत्यात भरून नेल्या. वकील बदलायचा असला तर जुन्या वकिलानं ना-हरकत लिहून द्यावी लागते, नाही तर दुसरा वकील त्या कामाला हात लावत नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. ती उशीला टेकून एकेक फाईल घ्यायची, एका कागदावर लिहायची का दुसरा वकील नेमायला माझी हरकत नाही, खाली सही. तो कागद फायलीत घालायची आणि मला द्यायची. मी बाजूला रचायचो. सही मात्र बराबर यायची.

आक्काची फाईल तिनं घेतली. बराच वेळ उघडून बसली. वाचत होती का नुसती बघत होती, मला सांगता येत नाही. मंग बंद करून मला दिली. मी बाकीच्यांत रचली. त्यात कागद नव्हता, हे मला नंतर कळलं.

ती गेली. पुण्यानुमोदनाला, तिच्या शेवटच्या कार्याला, कोर्टातले वकील आले, ज्यांच्यासंगं ती भांडायची तेही आले. चांगलं बोलले. मी एकालाही चहा विचारला नाही, ते आता आठवतं.

नंतर पक्षकार यायला लागले. मी फाईल काढून द्यायचो, आत तिचा कागद असायचा, तो घेऊन माणूस दुसऱ्या वकिलाकडं जायचा. काही जण कागद बघून रडले. काहींनी नुसतं विचारलं, "दुसरा वकील कोण चांगला हाय?" मी म्हणायचो, "मला काय ठावं." कपाट रिकामं व्हायला लागलं. सगळ्यात शेवटी एक फाईल राहिली.

आक्का आली, भाऊ बाहेर जीपपाशी उभा. मी फाईल उघडली. कागद नाही. उलटी करून झाडली. पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. नाही.

आक्का म्हणली, "बाईनं सही न्हाई केली?"

"राहिली असंल."

"बाकीच्यांच्या केल्या?"

"केल्या."

आक्कानं फाईल माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली. "मंग बाईच्या मनात न्हवतं. मी दुसरा वकील करत न्हाई."

मी तिला समजावलं. कोर्टातल्या वकिलांनी समजावलं का वकीलच वारला तर ना-हरकतीची गरजच नाही, नवं वकीलपत्र दिलं का झालं. आक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बाईला सगळं म्हाईत होतं. तिनं सोडलं ते उगं न्हाई सोडलं."

मला खरं सांगायचं तर मी तिला जास्त जोर लावला नाही. फाईल टेबलावर होती. मी बाजेवर बसलो का समोर दिसायची. तिच्या अक्षरातलं नाव वर होतं. आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, काहून सही केली नाही? विसरली? थकली? का तिला वाटत होतं आपण उठू आणि हे एक काम तरी स्वतः करू? तसं असंल तर तिनं मला ते सांगितलं असतं. का मला कळणार नाही म्हणून नाही सांगितलं? घरात दुसरं कोणी असतं तर त्याला म्हणलं असतं, पुन्हा एकदा सांगा. कोण सांगणार.

तारखा पडत गेल्या. साहेब दरवेळी आक्काला म्हणायचे, वकील द्या. आक्का हात जोडून उभी राहायची. शेवटी साहेब म्हणले, पुढच्या तारखेला वकील नाही दिला तर दावा काढून टाकावा लागंल. म्हणजे सगळं गेलं. एवढी वर्षं, बाईनं केलेलं सगळं, आणि आक्काचं जे काय होतं ते.

त्या बाजारी भाऊ एकटाच माझ्या घरी आला. बसला नाही. दारात उभा राहून म्हणला, "मामा, आक्काला सांगा, वकील कर म्हणून."

मला राग आला. म्हणलं, "तुला तर बरंच हाय की. दावा निघाला तर रान तुझंच."

"तेच तर," तो म्हणला. "मंग भाऊबीजेला कोणतं तोंड घेऊन जाऊ तिला आणायला? ती म्हणंल, बाई मेली म्हणून जिंकला. जलमभर म्हणंल. येणारच न्हाई ती."

"मंग देऊन टाक की हिस्सा."

तो माझ्याकडं असं बघायला लागला का मीच येडा आहे. "मी कसा देऊ?"

"काहून? हात बांधलेत?"

"मी दिला तर माझी बायको मला घरात घेईल व्हय? कोर्टानं दिला तर ती कोर्टाला शिव्या देईल." तो आता बसला, बाजेच्या कडंला. "मामा, मला हरवायचं असंल तर हरवा. पर लढून हरवा. आसं नगं."

मी म्हणलं, "मला काहीच कळून न्हाई राहिलं तुमच्या घरचं."

"मलाबी न्हाई कळत," तो म्हणला. "तुमीच करा सही. तिला तुमची चालंल. बाईच्या मालकानं केली म्हंजी बाईनं केल्यावानीच."

"माझ्या सहीला कोण विचारतंय कोर्टात?"

"कोर्टात न्हाई. आक्काला."

मी त्याला जा म्हणलं. तो गेला. मी फाईल घेऊन बाजेवर बसलो. मी सही केली तर बायकोच्या मनाविरुद्ध होतंय का मनासारखं, तेच मला ठरवता येईना. ती एक सही नाही केली तर ती फाईल माझ्याकडं राहते. केली तर कपाट रिकामं. आणि आक्काचं? आक्का डहाळ्यासाठी कोर्टात आली होती आणि आता तिला तेही घालवायचं होतं, एका मेलेल्या बाईचा मान राखायला. मला वाटलं बायको असती तर माझ्याकडं बोट करून म्हणली असती, हे सगळं आता ह्यांना सांगा. आणि मी म्हणलं असतं, नाही कळलं. आणि तरी तिनं नाव लिहून घेतलं असतं, जसं पहिल्या दिवशी घेतलं. एवढं मात्र मला पक्कं होतं. पहिल्या दिवशी तिलाही पुरतं कळलं नव्हतं आणि तरी तिनं आक्काला परत धाडलं नव्हतं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी आक्काच्या गावाला गेलो, तिला जीपमध्ये घातलं आणि हिंगोलीला आणलं. एक पन्नाशीतला वकील होता, तोही एकटाच बसायचा, माझ्या बायकोविरुद्ध पुष्कळ कामं लढलेला. त्याला आमच्या पुढच्या खोलीत बोलावलं. तो आला, खुर्चीवर बसला, फाईल चाळली. म्हणला, "काम सोपं आहे. भावानंच कबूल केलंय का बापाला दोन लेकरं. बाईंनी सगळं बांधून ठेवलंय. मी उद्या दहा मिनिटांत सांगतो."

आक्का म्हणली, "आधी ह्यांना सांगा."

"कोणाला?"

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. मी बाजेवर सरळ बसलो.

वकिलाला ती रीत ऐकून माहीत होती वाटतं. त्यानं चष्मा काढला आणि मला सांगायला लागला. मुलगीही वारस, बापाच्या वाट्यात तिचा हिस्सा, ती नांदायला गेली म्हणून तो जात नाही, तिनं कुठं हक्क सोडून दिल्याचा कागद नाही.

मी म्हणलं, "न्हाई कळलं."

त्यानं पुन्हा सांगितलं, आणखी हळू.

मी म्हणलं, "हे कळलं. पर डहाळ्याचं कुठं हाय?"

"कोणता डहाळा?"

आक्कानं सांगितलं. वकिलानं फाईल पुढून मागं आणि मागून पुढं बघितली. "बाईंनी असं कुठं लिहिलेलंच नाही."

"मंग इतकी वर्षं चाललं काय होतं?" मी म्हणलं.

"हिस्सा आहे म्हणून मागितला. काहून मागितला ते कोर्ट विचारत नाही. ज्याचं त्याचं आहे, बस."

माझ्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मंग तिनं मला दोन-दोनदा का ऐकवलं? ते तिला कोर्टासाठी लागत नव्हतं, मंग कशासाठी लागत होतं? तिलाच ऐकायचं होतं का? ते मला आजही सांगता येत नाही.

आक्कानं विचारलं, "कळलं का तुमाला?"

मी खरं बोललो. "निम्मं."

"निम्मं तर निम्मं," आक्का म्हणली. "आता सही करा."

नव्या वकीलपत्राच्या कडंला मी लिहिलं, हरकत नाही. खाली माझं नाव. हरकतमधला र मी लिहून पुन्हा गिरवला. वकील म्हणला, "ह्याची गरज नाही बरं का." आक्का म्हणली, "गरज हाय." मंग आक्कानं त्याच्यावर अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं. "ही कोणाची सही?"

वकील म्हणला, "मयत वकीलबाईंचे पती, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी दारातच होतो, नेहमीच्या जागी. कागद खाली ठेवला आणि म्हणले, "चालू करा." म्हणजे ते तिथंच आहे, माझं अक्षर, कोर्टाच्या कागदात. तिचं आणि माझं एका फायलीत.

निकाल आक्काच्या बाजूनं लागला. हिस्सा मिळाला. परतीलाही दोघं माझ्याच जीपमध्ये. सेनगाव आल्यावर भाऊ म्हणला, "आक्का, दिवाळीला लवकर येतो, वाट बघू नको, तयार राहा." आक्का म्हणली, "पिशवी भरून ठेवते." मला वाटलं संपलं.

संपलं नाही. महिन्यातच भावानं अपील केलं. बायकोनं करायला लावलं म्हणला. वरच्या कोर्टानं निकालाला स्थगिती दिली, म्हणजे अपील होईस्तोवर जैसे थे, कोणी काही बदलायचं नाही. दिवाळीला मात्र तो आक्काला घेऊन गेला, माझ्याच जीपनं, पुढच्या सीटवर बसवून.

सक्रांतीनंतर आक्का माझ्या घरी आली. काखेत हरभऱ्याचा डहाळा, मुळासकट उपटलेला, माती लागलेली. थोडा तिनं बायकोच्या फोटोपुढं ठेवला आणि बाकीचा माझ्या बाजेवर.

मी म्हणलं, "तिथलाच?"

"तिथलाच."

"इचारून घेतला?"

"न्हाई. त्यो बांधावर उभा होता."

"काय म्हणला?"

"काही न्हाई. दुसरीकडं बघायला लागला."

आक्का चहा पिऊन गेली. मी डहाळा मांडीवर घेऊन बसलो. निकाल म्हणतो तिचा. स्थगिती म्हणते अजून नाही. भाऊ म्हणतो हरवा, आणि हरवलं तर अपील करतो, आणि अपील केलं तर दुसरीकडं बघतो. मंग हा हरभरा आज कोणाचा? मी फोटोकडं बघितलं. ती असती तर तिनं मला पुन्हा सांगायला लावलं असतं, आणि मी पुन्हा सांगितलं असतं.

मी घाटे सोलून खाल्ले. टरफलं टेबलाखाली पडली, पूर्वी तिला चालायचं नाही ते. फाईल आता नव्या वकिलाकडं आहे. मी जिथं बसतो तिथून कपाट सगळं रिकामं दिसतं.